संगणकातील पाणी आणि इस्राफचा प्रश्न

मागच्या मे महिन्यातील एका शुक्रवारी, जुमाच्या नमाजनंतर, आमच्या मोहल्ल्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ मस्जिदीच्या हुजऱ्यात येऊन बसले. बोअरवेलमध्ये मोटारी सोडणे आणि बिघडलेल्या मोटारी वर काढून दुरुस्त करणे हा त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांचा मुलगा घरी बसून संगणकावर इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करतो. इमारत उभी राहण्यापूर्वी ती कशी दिसेल हे गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी बांधकाम व्यावसायिकांना अशी चित्रे लागतात. चाचांची तक्रार अशी होती, की मुलाने संगणकाच्या पोटात पाणी फिरविण्याचा घाट घातला आहे आणि केवळ त्या पाण्याच्या खटाटोपावर सत्तर हजार रुपये जाणार आहेत.

"संगणक आहे, चालतो आहे, पोराची कमाईही आहे. मग त्याला नळजोडणी कशाला, मौलाना? आपल्या गल्लीत माणसांना रोज नळाचे पाणी मिळत नाही. तुम्ही फक्त एवढे सांगा, की हा इस्राफ आहे. तुमचे तो ऐकेल."

मी सांगितले. "होय चाचा, हा इस्राफच आहे," असे म्हणून मोकळा झालो. बाहेर दोन माणसे निकाहच्या तारखेसाठी ताटकळत होती, ऊन मी म्हणत होते, आणि सत्तर हजार हा आकडा माझ्या पाच महिन्यांच्या वेतनाएवढा होता. या शेवटच्या गोष्टीचा माझ्या उत्तराशी काहीच संबंध नव्हता, असे आज मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मी मुफ्ती नाही, एका लहान मस्जिदीचा इमाम आहे. पण मदरशात आमचे उस्ताद एक गोष्ट वारंवार बजावीत असत: ज्या वस्तूविषयी निर्णय द्यायचा, तिची यथार्थ कल्पना डोळ्यांसमोर नसेल तर तो निर्णय हवेतला असतो. त्या शुक्रवारी माझ्यासमोर ना वस्तू होती, ना वस्तू घडविणारा. एका बापाचा वैताग आणि एक आकडा, एवढ्यावरच मी तोंड उघडले होते.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर तो तरुण आला. रागावलेला नव्हता, मला ते अधिक लागले. म्हणाला, "मौलाना, तुम्ही म्हणत असाल तर मी थांबतो. पण एकदा घरी येऊन पाहा, आणि मग सांगा."

मी गेलो. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एक खिडकी. टेबलावर उघडे कॅबिनेट आणि त्याशेजारी जुन्या वर्तमानपत्रांवर ओळीने मांडलेले सुटे भाग. तांब्याचे दोन ठोकळे, एक लहान पंप, काचेच्या पेल्याएवढी टाकी, दोन रेडिएटर, पारदर्शक नळ्या आणि वीस-बावीस पितळी जोड. संगणकाचा प्रोसेसर टपालाच्या तिकिटाएवढा असतो आणि भरात काम करताना दीड-दोनशे वॅट वीज खातो. ग्राफिक्स कार्ड तीनशेच्या वर जाते. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे घरातील इस्त्रीच्या निम्मी आच या पेटीत तासन् तास पेटलेली असते. ती वेळेवर बाहेर काढली नाही तर शंभर अंशांच्या जवळ पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. मे महिन्यात त्या पत्र्याखाली खोलीचेच तापमान चाळीसच्या पुढे असते. एक मोठे चित्र पूर्ण व्हायला रात्रभर लागते, आणि पंख्याचा आवाज असा, की भिंतीपलीकडे त्याची आई झोपू शकत नाही.

पाणी कशासाठी, हे त्याने मला एखाद्या तालिब-ए-इल्मला समजवावे तसे समजावले. सारख्याच वजनाची हवा आणि पाणी घेतले, तर एक अंश तापताना पाणी हवेच्या चौपट उष्णता पोटात घेते. सारख्या आकारमानाचा विचार केला, तर तीन हजार पटींहून अधिक. तांब्याच्या ठोकळ्याच्या आत केसासारख्या बारीक खाचा कोरलेल्या असतात. पाणी त्यांतून जाताना आच उचलते, नळीतून रेडिएटरपर्यंत नेते, तेथे पंखे ती हवेत सोडतात आणि निवलेले पाणी परत येते. हे सारे पाणी मिळून एक लिटरच्या आसपास; तेही डिस्टिल्ड, गंज आणि शेवाळ न धरणारे औषध घातलेले, आणि वर्षाकाठी एकदा बदलायचे. नळाच्या पाण्याची चाचांची तक्रार तेथेच संपली. ती तक्रार करणारा मोहल्ल्यातील शंभर शेतकऱ्यांच्या मोटारींचा जाणकार होता, याचे मला नंतर हसू आले. बोअरवेलमधील बुडती मोटार ज्या पाण्याला वर चढविते, त्याच पाण्याने ती थंड राहते. पाणी आटले की जळते. चाचांनी आयुष्यभर पाण्यानेच यंत्रे थंड ठेवली होती.

येथे वाचक विचारतील, की याहून स्वस्त उपाय नव्हता का? होता, आणि तो मुलानेच प्रामाणिकपणे सांगितला. पाच-सहा हजारांचा मोठा पंखा लावून काम भागले असते; दहा-पंधरा हजारांत कारखान्यातून बंद होऊन आलेला पाण्याचा तयार संच मिळतो, तो प्रोसेसरची बरीच काळजी घेतो. मग वरचे पंचावन्न हजार कशाचे? थोडे शांततेचे, थोडे ग्राफिक्स कार्डाच्या गारव्याचे. "आणि थोडे," तो खाली पाहत म्हणाला, "मला हे स्वतःच्या हातांनी करायचे आहे, याचे."

प्रश्न खरा येथून सुरू होतो. गरजेपुरते ते वैध आणि गरजेच्या वर ते इस्राफ, अशी सोपी रेघ ओढली तर उत्तर अर्ध्या मिनिटाचे आहे. मी ते अर्ध्या मिनिटात दिलेच होते. पण आपल्या विद्वानांनी अशी रेघ ओढलेली नाही. इमाम गजाली आणि त्यांच्यानंतर ग्रॅनाडाचे इमाम शातिबी, ज्यांचे निधन इ.स. १३८८ मध्ये झाले, यांनी माणसाच्या हिताच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिली जरूरियात, जिच्याविना जीवन मोडते. दुसरी हाजियात, जिच्याविना ते कष्टाचे होते. तिसरी तहसीनियात, जिच्यामुळे ते देखणे आणि सुघड होते. ही तिसरी पायरीही शरियतच्या घरातीलच आहे. सूरह अल-आराफमध्ये शोभा धारण करण्याचा आदेश आणि इस्राफची मनाई शेजारी शेजारी येतात, आणि सूरह अल-फुरकानमध्ये खर्चाचा मधला मार्ग सांगताना इस्राफच्या जोडीने कंजुषीचेही नाव घेतलेले आहे. वुजूचे पाणी नदीकाठीसुद्धा बेताने वापरावे, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना फार लवकर मिळते, आणि ते योग्यच आहे. पण तिचा अर्थ वुजू अर्धवट करावा असा कोणी घेत नाही.

इस्राफ म्हणजे वैध गोष्टीत हद्द ओलांडणे. जेथे खर्चच करायला नको तेथे उधळणे, याला आपले विद्वान तब्जीर हा वेगळा शब्द देतात. संगणक हे या मुलाच्या रोजीचे साधन. तेव्हा तब्जीरचा प्रश्नच नाही. राहते ती हद्द. ती कोठे असते? किमतीत असते असे म्हणावे, तर सत्तर हजार हा आकडा माझ्यासाठी डोंगर आहे आणि दुसऱ्या एखाद्यासाठी लग्नाच्या एका जेवणावळीचा कोपरा. आपल्याकडे चारशे माणसांच्या दावतीत उरलेली बिर्याणी पहाटे नाल्यात जाते. त्याबद्दल माझ्या हुजऱ्यात तक्रार घेऊन आजवर कोणीही आलेले नाही.

पाण्याचे कसब काही आपल्यासाठी नवे नाही. औरंगाबादची पाणचक्की अनेक वाचकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही अठराव्या शतकातील रचना. काही मैलांवरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंच भिंतीवर चढविले जाते आणि तेथून हौदात कोसळते. त्या जोरावर जाते फिरत असे आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जात असे. येथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला लहानपणापासून आवडते ती दुसरी गोष्ट. त्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली उन्हाळ्यातही गार राहणारी जागा, यात्रेकरूंसाठी. पीठ तर साध्या जात्यावरही दळले गेले असते. कोसळणारे पाणी दिसावे, त्याचा आवाज यावा, खाली गारवा उतरावा, ही सगळी तिसरी पायरी आहे. तिला कोणी इस्राफ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. अल-जजरी यांनी इ.स. १२०६ मध्ये यंत्रांविषयीचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात शेताला पाणी उपसणारी यंत्रे आहेत, आणि दरबारी पाहुण्यांना चकित करणारी खेळणीही आहेत. एकाच माणसाच्या हातातून दोन्ही उतरले.

अर्थात पाणचक्कीने भुकेल्यांना पीठ दिले, आणि हे कॅबिनेट एकाच तरुणाच्या टेबलावर आहे. हा फरक मी लपवू इच्छित नाही. पुण्यातील आयसर या संस्थेत 'परम ब्रह्म' नावाचा महासंगणक आहे, तोही द्रवाने थंड ठेवला जातो. तेथे कोणी इस्राफचा प्रश्न विचारणार नाही, कारण शेकडो संशोधकांचे काम त्यावर चालते. खासगी वस्तूला असा आडोसा नसतो. तिचा हिशेब मालकाच्या आत पाहूनच करावा लागतो, आणि दुसऱ्याच्या आत पाहण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त त्याचे हात पाहिले.

नळी वाकविताना ती आतून चपटी होऊ नये म्हणून तो तिच्यात सिलिकॉनची दोरी घाली आणि हीट गनने हळूहळू फिरवीत तापवी. एक वळण दोन अंशांनी चुकले म्हणून त्याने पूर्ण नळी बाजूला टाकली. हे मला खटकले आणि मी तसे बोललो. त्याने त्या टाकलेल्या नळ्यांचा गठ्ठा दाखविला, पुढच्या लहान तुकड्यांसाठी राखून ठेवलेला. नळी कापल्यावर तिच्या तोंडाची धार तो कानशीने आतून-बाहेरून घासत बसे. ही धार जोडाच्या आत जाते. ती कोणालाही, कधीही दिसत नाही. पण घासली नाही तर आतील ओ-रिंग कापते. नवे रेडिएटर त्याने डिस्टिल्ड पाण्याने सात-आठ वेळा खंगाळले, कारण कारखान्यातील डाख देण्याचा मळ आत राहतो आणि पुढे त्या केसासारख्या खाचांत जाऊन बसतो. एक रेडिएटर ॲल्युमिनियमचा स्वस्तात मिळत होता, तो त्याने घेतला नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जाते, आणि ते वर्षभर दिसतही नाही. आपल्याकडे इत्कान हा शब्द आहे, काम पक्के करणे. आणि इहसान, अल्लाह पाहत आहे या जाणिवेने वागणे. हे शब्द मी मिंबरवरून अनेकदा उच्चारले आहेत. न दिसणारी धार घासताना मी स्वतः शेवटचे कोणाला पाहिले होते, ते मला आठवेना.

पहिल्या चाचणीच्या रात्री मी तेथे नव्हतो; चाचांनी नंतर सांगितले. या चाचणीत संगणकाला वीज द्यायची नसते, फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू कागद ठेवायचा आणि निदान एक रात्र पाहत राहायचे. रात्री अडीचच्या सुमारास एका कागदावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. एकाच नळीचे तोंड घाईत नीट घासले गेले नव्हते. सगळे पाणी काढून, जोड उघडून, नवी ओ-रिंग घालून पुन्हा पाणी भरले. तर पंप घरघरू लागला. मुलगा घाबरला. चाचा, जे तोवर दाराच्या चौकटीला टेकून 'बघा, मी म्हणालो होतो' अशा चेहऱ्याने उभे होते, ते पुढे आले. "हवा धरली आहे. बंद कर. कोरडा चालवू नकोस." त्यांनी कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर तिरके केले. बुडबुडे टाकीत वर आले आणि आवाज गेला. फजरला दोघेही मस्जिदीत होते, डोळे तांबारलेले.

याच बैठकांत मला आणखी एक गोष्ट समजली, आणि तिच्यामुळे माझी मान अधिकच खाली गेली. हे भाग त्याने चौदा महिन्यांत, एकेक करून घेतले होते. हप्त्यांवर घेतले असते तर एका आठवड्यात सगळे घरी आले असते. पण हप्त्यांत व्याज कोठे दडलेले असते हे नीट कळत नाही, म्हणून तो त्या वाटेलाच गेला नाही. दर महिन्याला घरखर्चाचा वाटा आईच्या हाती देऊन उरेल त्यातून बाजूला काढी. जो तरुण व्याजाच्या सावलीपासून चौदा महिने दूर राहिला, त्याला मी अर्ध्या मिनिटात उधळ्यांच्या रांगेत बसविले होते.

तरीही मी त्याला सगळे माफ केले असे नाही. कॅबिनेटची एक बाजू काचेची होती आणि आत रंगीत दिव्यांची माळ. मी विचारले, हे दिवे कशासाठी? तो हसला. "मौलाना, हे फक्त दिसण्यासाठीच." पाणी मात्र त्याने बिनरंगाचेच ठेवले होते, कारण रंगीत द्रव कालांतराने खाचांत गाळ धरतो. दिव्यांची किंमत किरकोळ होती. पण त्याच काचेसमोर फोन धरून घेतलेली छायाचित्रे तो मित्रांना पाठवी आणि कोणी काय म्हटले हे पुन्हा पुन्हा पाही. ते मला पंचावन्न हजारांपेक्षा महाग वाटले. हे मी त्याला सांगितले. त्याने वाद घातला नाही, कबूलही केले नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी आच नाहीशी करीत नाही, ती फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते. प्रोसेसर गार झाला, पण पाचशे वॅटची आच त्याच दहा बाय दहाच्या खोलीत उतरली आणि अर्धवट भिंतीवरून आईच्या बाजूला गेली. आवाज गेला आणि उकाडा आला. मी म्हणालो, "बेटा, तुझ्या यंत्राचा हिशेब चोख आहे, घराचा कच्चा आहे." हे त्याला चटकन पटले. त्याने टेबल खिडकीशी हलविले आणि रेडिएटरचे पंखे बाहेर तोंड करून बसविले. पूर्वी उलटे बसविले असते तर काच समोर आली असती. आता काच भिंतीकडे आहे.

आणि त्याच्या मनात पुढचे कॅबिनेट आत्ताच तयार होते आहे, हेही मी पाहिले. अधिक मोठे रेडिएटर, नवे कार्ड. हे चक्र कोठे थांबवायचे, ते मी त्याला सांगू शकलो नाही. पुढच्या वेळी घेण्याआधी जुने कोणाच्या उपयोगी पडेल ते पाहा, इतकेच म्हणालो. मोहल्ल्यातील एक मुलगी वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे.

त्यानंतरच्या जुमाला खुतब्याला उभा राहिलो, तेव्हा माझी नजर वर गेली. आमच्या मस्जिदीत तीन वर्षांपूर्वी झुंबर बसविले आहे. उजेडासाठी नळकांडी दिवे आधीपासून होते. झुंबराच्या वर्गणीचे आवाहन मीच केले होते, याच मिंबरवरून, आणि ज्यांनी शंभर-शंभर रुपये दिले त्यांत मजुरी करणारे होते. त्या मुलाने स्वतःच्या घामाचे पैसे स्वतःच्या कामाच्या वस्तूवर घातले. मी लोकांचे पैसे काचेच्या लोलकांवर घातले. तेव्हा इस्राफ हा शब्द मला सुचला नव्हता. झुंबरही तिसऱ्या पायरीवर बसते, असा युक्तिवाद करता येईल, आणि मस्जिद देखणी असावी याच्याशी माझे भांडण नाही. पण आमच्या वुजूखान्याची फरशी गुळगुळीत आहे, पाणी साचून राहते, आणि त्या तीन वर्षांत दोन वृद्ध नमाजी तेथे घसरून पडले आहेत. दुसरी पायरी मोडकी असताना मी तिसरी सजविली.

मी चाचांच्या घरी गेलो आणि बापलेकासमोर माझा शब्द मागे घेतला. चाचा म्हणाले, "मौलाना, शब्द मागे घेतलात, ठीक. पण दिवे इस्राफच आहेत ना?" मी म्हणालो, दिव्यांविषयी मी काहीच बोललो नाही असे धरा. मुलगा पलीकडे एक चित्र लावून बसला होता. खोलीत आवाज नव्हता. आई चटईवर आडवी झाली होती.

मस्जिद समितीची बैठक येत्या रविवारी आहे. वुजूखान्याच्या फरशीचा विषय मी लिहून दिला आहे. उतार किती द्यायचा ते चाचा मोजून सांगणार आहेत.